अंधाराला भिणाऱ्या मॅडम

आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडम अंधाराला भीत. मी आखाडा बाळापूरला मराठी शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात हे कळलं. दुपारची वेळ होती, पण आभाळ गच्च भरलेलं, आणि स्टाफरूममधली लाईट गेली. बाकीचे डबे खात राहिले. माझ्या मनगटावर मात्र एक गार, खरखरीत हात येऊन घट्ट बसला.

"मॅडम, मला भ्याव वाटून राहिलं. लाईट येईस्तोवर हात सोडू नका."

पन्नाशीच्या बाई. केस घट्ट बांधलेले, साडीच्या पदराला खडूची धूळ. ओळखसुद्धा नीट झालेली नव्हती. मी एका हातानं पोळी खाल्ली. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलंही नाही. सगळ्यांना सवय होती. लाईट आली तशा त्या उठल्या, "बरं झालं" म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्याकडं गाडी हाय म्हनं?"

"आहे. जुनी आहे."

"मंग अमावस्येला येता का माझ्याबराबर? तालुक्यातली सगळ्यात अंधारी जागा मला ठाऊक हाय."

मला वाटलं, ही चेष्टा असावी. पण मॅडमना चेष्टा करता येत नव्हती. त्यांना खरोखरच सगळ्यात अंधाऱ्या जागी जायचं होतं, कारण तिथून तेजोमेघ दिसत. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधे पसरलेले वायूचे आणि धुळीचे ढग, हे त्यांनी मला तिथंच जिन्यात उभ्यानं समजावलं. डोळ्याला ते जवळजवळ दिसतच नाहीत. दुर्बिणीला कॅमेरा लावून एकेका फोटोसाठी तो कितीतरी वेळ उघडा ठेवायचा, असे पुष्कळ फोटो घ्यायचे, मग ते लॅपटॉपवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं त्या काळ्यातून लाल, निळं काहीतरी वर येतं. "एका फोटोत काई म्हंजे काईच नसतं," त्या म्हणाल्या, जणू ही फार आनंदाची गोष्ट होती.

आतापर्यंत त्या एका रिक्षावाल्याला घेऊन जात. तो बिबट्याच्या बातम्या ऐकून यायचा बंद झाला होता. "तुमच्याकडं गाडी हाय म्हून मी तुमाला इचारलं," हेही त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

जागा म्हणजे त्यांच्या भावाचं शेत. मॅडम तांड्यावरच्या. तांडा माळाच्या कडेला, शेत त्याच्याही पलीकडं, हळदीचं. कमरेएवढ्या हळदीतून बांधाबांधानं जायचं. मॅडमच्या हातात घुंगरू बांधलेली काठी. ती आपटत त्या पुढं, दुर्बिणीची नळी गोधडीत गुंडाळून लेकरासारखी खांद्यावर घेतलेली, मी मागं बॅटरी आणि पेटी घेऊन. आणि सगळी वाट त्या आपल्या भीतीची बातमी देत जायच्या. "आता सापाचं भ्याव वाटायलंय. आता त्या बाभळीचं. आता काहून कोण जाणे, पर पाठीमागचं वाटायलंय." पाठीमागं मी होते. त्यामुळं ती भीती आपोआप माझ्याकडं यायची.

एकदा मी वैतागून म्हणाले, "मॅडम, इतकी भीती वाटते तर येता कशाला?"

त्या थांबल्या. "भ्याव वाटतं ते खाली. मी वर बघायला येते."

ह्यामागची गोष्ट त्यांनी पुढं कधीतरी, कॅमेरा चालू असताना, तुकड्यातुकड्यानं सांगितली. त्यांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. सात-आठ वर्षांची ही मुलगी आणि रांगतं भावंड, दोघांना कोपीत ठेवून माणसं पहाटेच्या अंधारात गाड्या भरायला जायची. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, दाराला फक्त एक पोतं. एके पहाटे त्या पोत्याच्या खालून काहीतरी हुंगत हुंगत आत आलं. कोल्हा होता की कुत्रं, त्यांना आजही ठाऊक नाही. त्यांनी भावाला उचलून छातीशी धरलं, पाठ पाचटाला लावली, आणि त्याच्याकडं बघायचं नाही म्हणून वर पाहिलं. छपराला भगदाड होतं. त्यात तारे होते. ते जनावर त्यांच्या पायाशी फिरत होतं आणि त्या वर बघत होत्या. आई आली तेव्हा उजाडलं होतं. जनावर कधी गेलं, कळलं नाही.

"लेकराला काई झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "तेच लेकरू आता ह्या शेताचं मालक हाय. मला इथं येऊ देतंय, एवढं हाय बघा."

शेतात गेल्यावर मात्र त्यांचं रूप बदलायचं. टॉर्चला लाल कागद बांधलेला, कारण पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. दुर्बीण बसवायची ती बैठक मोटरवर अगदी हळू फिरायची, ताऱ्याच्या चालीनं. तिचा किर्र असा बारीक आवाज यायचा. मॅडम गुडघे टेकून स्क्रू फिरवत, ओठ घट्ट मिटून, आणि एकदा पहिला फोटो सुरू झाला की माझ्याजवळ येऊन बसत आणि पुन्हा मनगट धरत. हलायचं नाही, खोकायचं नाही. मोबाईलची स्क्रीन चुकून पेटली तर पोराच्या पाठीत घालावा तसा धपाटा मिळे.

एका संध्याकाळी, मृगाचे तारे नुकते वर आलेले, आम्ही अशाच बसलो होतो. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला. आमच्याकडं तो येतो. कुरुंद्याकडं, वसमतकडं तर जास्तच. आधी लांबून ट्रक यावा तशी घरघर, मग पायाखालून एक धक्का, भांडी वाजतात, बायका लेकरं घेऊन अंगणात येतात. घरात असताना निदान बाहेर पळता येतं. आम्ही बाहेरच होतो. पळायचं कुठं? मी तरीही पळाले. हळदीत पडले, उठले, पुन्हा पळाले. मागं वळून पाहिलं तर मॅडम दुर्बिणीच्या तिवईला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेल्या, डोळे गच्च मिटलेले. तांड्यावरून कुत्र्यांचा, माणसांचा गलका आला आणि हळूहळू विरला.

"मॅडम, चला घरी!" मी ओरडले.

"चलते. एवढा फोटो संपू द्या."

तो फोटो त्यांनी नंतर मला दाखवला. प्रत्येक तारा दोन-दोन झालेला होता. तो रचण्यात घेता येत नव्हता. त्याच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आपुनच हललो, बघा. ते काई हललं न्हाई."

त्या हिवाळ्यात ड्रोनची आवई उठली. रात्री आकाशात लाल-हिरवे दिवे फिरतात, चोर त्यातून घरं हेरतात आणि मागाहून येतात, असं गावोगाव झालं. मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ. कोणाला किती खरं दिसलं देव जाणे, पण शेतापलीकडच्या गावात एक घर खरंच फुटलं. घरात एकटी म्हातारी होती. चोरांनी तिच्या तोंडावर हात दाबून ठेवला होता. त्यानंतर त्या गावानं गस्त सुरू केली. पोरं काठ्या घेऊन रात्रभर जागायची. वाटेत कोणी अनोळखी दिसलं की आधी मार, मग नाव.

मी मॅडमना म्हणाले, "हा महिना राहू द्या."

"मला बी जाऊ वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "लई भ्याव वाटून राहिलं. पर घोड्याचं डोकं हाय. ह्याच दिवसात बराबर सापडतं."

घोड्याचं डोकं म्हणजे मृगाच्या पट्ट्याजवळचा एक तेजोमेघ. लाल पडद्यावर धुळीची काळी सावली, अगदी मान वाकवलेल्या घोड्यासारखी. गेली तीन वर्षं तो त्यांना नीट मिळत नव्हता. आम्ही गेलो.

त्या संध्याकाळी दुर्बीण रोखताना मॅडमनी हिरव्या किरणाचा टॉर्च वापरला. त्याची बारीक हिरवी रेघ थेट आभाळात जाते. क्षणभरच लावला असेल. त्यानंतर पाच-सहा फोटो झाले. मग मोटारसायकलींचे आवाज आले. लाईट बंद केलेल्या मोटारसायकली. ते आवाज बांधाशी येऊन बंद पडले, आणि हळदीची पानं चारी बाजूंनी सळसळायला लागली.

"कोण हाय रे तिथं?"

मला तोंड उघडता येईना. मॅडमचा हात माझ्या मनगटावर होता.

"बोलून नाही राहिले. हाना!"

पहिला दगड लॅपटॉपच्या पेटीवर बसला. दुसरा माझ्या कानाजवळून गेला, त्याचा वारा मला लागला. मॅडम उठल्या आणि दुर्बिणीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही आवाज फुटत नव्हता. तोंड उघडं, आणि आतून नुसती हवा. तिसरा दगड त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्या ओरडल्या.

"बाई हाय रे! थांबा, बाई हाय!"

टॉर्च पेटले. वीस-पंचवीस माणसं असतील, बहुतेक पोरंच. त्यांचे चेहरे पाहून मला जास्त भीती वाटली, कारण ते आमच्याइतकेच घाबरलेले होते. एकजण दुर्बिणीवर काठी उगारून ओरडत होता, "ह्याच्यातूनच सोडतेत! हिरवी लाईट म्या सोता पाहिली!" तांड्यावरून मॅडमचा भाऊ आणि चार माणसं कुऱ्हाडी घेऊन पळत आली. आता दोन्हीकडून हत्यारं, आणि मधे आम्ही. एक शब्द इकडंतिकडं झाला असता तर त्या रात्री कोणीतरी मेलं असतं.

मॅडम खाली बसल्या होत्या, मोडका हात मांडीवर घेऊन. त्या रडत नव्हत्या. समोरच्या एका वयस्क माणसाकडं बघून, वर्गात फळा पुसायला सांगावं तशा म्हणाल्या, "दादा, मला लई भ्याव वाटून राहिलं. जरा बसता का इथं जवळ?"

तो माणूस गोंधळला. त्यानं काठीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि बसला. मग अजून एक बसला. मॅडमच्या भावानं कुऱ्हाड खाली ठेवली.

हात प्लास्टरमध्ये गेला. पोलिसांनी विचारलं, कोणाला ओळखलं का? मॅडम म्हणाल्या, "अंधार होता, साहेब. अंधार असतो म्हून तर जाते मी तिथं." तक्रार त्यांनी दिली नाही. पण भाऊ दुसऱ्या दिवशी कॉलेजात आला आणि व्हरांड्यात उभ्यानंच बोलला. "बाई, ते मशीन आता इकडं आणू नको. मला त्याच लोकाच्या शेजारी जलमभर ऱ्हायचंय. माझी लेकरं त्यांच्याच रस्त्यानं शाळेत जातेत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडमनी मान हलवली. दुर्बीण त्यांच्या घरात, पलंगावर, गोधडीखाली गेली. त्या स्वतः खाली चटईवर झोपत.

पुष्कळ दिवस तसेच गेले. त्या वर्गात डाव्या हातानं फळ्यावर लिहीत, वाकडंतिकडं. आकाशाचं नाव नाही. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "गाडी काढा. त्या गावात जायचंय."

"कोणत्या?"

"ज्यानं दगड मारला त्या."

मारुतीच्या पारावर माणसं होती. आम्हाला पाहून सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, आता मागून पोलिसांची गाडी येणार. सरपंच पुढं आले, हात जोडले. मॅडमचा प्लास्टरमधला हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पदराच्या टोकाशी बोटं चालली होती.

"तुमी रातभर जागेच असता ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मॅडम. गस्त हाय."

"मला एकटीला अंधारात बसवत न्हाई. जागी माणसं पाहिजेत. मी माझी दुर्बीण इथं आणते. तुमी जागा, मी फोटो काढते."

मग एका पोरानं विचारलं, "पर मॅडम, आमी तर मोठे फोकस लावून बसतो."

"तेवढे बंद करावे लागतील."

आता मात्र गलका झाला. लाईट बंद? आज? ह्या दिवसात? बायका दारादारांतून बोलायला लागल्या. ज्या म्हातारीचं घर फुटलं होतं तिला कोणीतरी धरून आणलं. ती बारीक आवाजात म्हणाली, "लाईट बंद केली तर म्या मरन, माय. डोळा मिटला की तो हात येतो तोंडावर."

मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. "मावशी, मी बी तशीच हाय. आपुन दोघी एकमेकीला धरून बसू. एकच तास. तुमी म्हनाल तवा लावू लाईट."

म्हातारीनं त्यांच्या प्लास्टरला हात लावून पाहिला. "लई दुखलं का?" तिनं विचारलं.

"लई."

"बरं, बस मंग माझ्यापाशी."

त्या अमावस्येला शाळेच्या मैदानावर अख्खं गाव जमलं होतं. जेवणं उरकून, घोंगड्या पांघरून. फोकस बंद केले, घराघरांतले दिवे बंद केले, आणि गाव एकदम नाहीसं झालं. अंधारात इतकी माणसं एकत्र श्वास घेताना मी कधी ऐकली नव्हती. कुठंतरी लेकरू रडलं, कोणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याबरोबर म्हातारी किंचाळली, "काढा तो हात! तोंडावर हात नका ठिवू!" लेकराला रडू दिलं. कुत्रं भुंकलं की काठ्या सरसावायच्या. "कोन हाय?" "म्याच हाय." "म्या कोन?" असं चाललेलं. लाईट लावा, लाईट लावा, असं दोनदा मागून ओरडलं कोणी. मॅडम आणि म्हातारी दुर्बिणीजवळ एका पोत्यावर, एकमेकींच्या पदराचं टोक मुठीत धरून. म्हातारी सारखी विचारायची, "झालं का?" आणि मॅडम दरवेळी म्हणायच्या, "होऊन राहिलं."

तास झाला तशी म्हातारीनंच हाक दिली, "लावा रे." फोकस लागले. माणसं एकमेकांकडं अशी बघत होती, जशी पुरातून बाहेर आली आहेत.

घोड्याचं डोकं तिसऱ्या अमावस्येला पुरं झालं. मॅडमनी लॅपटॉप मैदानात आणून सगळ्यांना दाखवलं. लाल उजेडाच्या पडद्यापुढं ती काळी मान, एवढी स्पष्ट. लोक दबून बघत होते. म्हातारीनं डोळे बारीक करून विचारलं, "हे आपल्या गावाकडं येऊन राहिलं का?"

"न्हाई मावशी. लई म्हंजे लईच लांब हाय."

"मंग चांगलं हाय," ती म्हणाली.

उन्हाळ्यात ड्रोनची आवई निवली. गस्त आधी पातळ झाली, मग थांबली. पण त्या गावाला मॅडमचा लळा लागला होता. कोणाच्या घरी पोरीचं लग्न असलं की पत्रिका यायची, हळद शिजवली की पिशवीभर हळद यायची. आणि दिवाळीच्या आधी सरपंचांचा फोन आला. गावात कार्यक्रम आहे, मॅडमनी यायचंच.

आम्ही गेलो. शाळेच्या मैदानावर मांडव, खुर्च्या. मधोमध उंच लोखंडी खांब, वर गोलाकार मोठे दिवे. हायमास्ट. सरपंच माईकवर बोलत होते, "आपल्या मॅडमला अंधाराचं भ्याव वाटतं, तरी त्या आपल्या गावात येऊन बसल्या. आता त्यांना भ्यायचं काम न्हाई. आपून आमदार निधीतून लाईट आणलीय. बटन मॅडमच दाबतील."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पहिल्या रांगेत ती म्हातारी बसली होती, नवं लुगडं नेसून. मॅडम उठल्या, शाल घेतली, नारळ घेतला आणि बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. आभाळ विझलं.

परत येताना गाडीत मी म्हणाले, "तुम्ही सांगायला हवं होतं त्यांना."

"काय सांगू? मावशी म्हनली, आज झोपन मी. तिला म्हनू, नको झोपू?"

गावाची हद्द ओलांडून आम्ही माळावर आलो तशा त्या म्हणाल्या, "थांबवा जरा." मी गाडी कडेला घेतली, लाईट बंद केली. मॅडम उतरल्या आणि गावाकडं पाठ करून उभ्या राहिल्या, दोन्ही हात डोळ्यांच्या कडांना लावून. मागं तो दिवा एवढ्या लांबूनही आमच्या सावल्या पाडत होता.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"थांबा. डोळे अजून बावरलेत."

आम्ही तशाच उभ्या होतो. दोन्ही बाजूंनी हळद, वाऱ्यानं हलणारी. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. जुन्या गस्तीतलाच एक पोरगा होता. तो इतक्या जोरात बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"मॅडम, तुमी पुढं गेल्या ना? माळावर एक गाडी उभी दिसून राहिली. लाईट बंद करून. दोन मानसं हायेत खाली. आमी निघून राहिलो तिकडं. तुमी मधात कुठं थांबू नका!"

मॅडमनी गावाकडं वळून पाहिलं. दिव्याखालून मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज आले.

"आमीच हावोत रे ते," त्या म्हणाल्या. पण फोन कट झाला होता. त्यांनी पुन्हा लावला. तो उचलत नव्हता.

"चला," त्यांनी माझं मनगट धरलं. "चला, चला लवकर."

माझ्या हातून किल्ली दोनदा निसटली.